भिंतीत शिरलेलं टोक

जुन्या लाकडी घरात पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते. धुरानं काळवंडलेल्या तुळया, त्यांवर वाकसानं तासल्याच्या खुणा, कडेला एखादं अर्धवट कोरलेलं कमळ. पाहणारा एका तुळईवर थाप मारतो आणि समाधानानं म्हणतो, लाकूड अजून ठणठणीत आहे. त्यानं जिथं थाप मारली तिथं ते ठणठणीत असतंच. खोलीतला भाग सगळीकडून हवेत असतो. कधी भिजला तरी वाळून जातो. शंका घ्यायची ती दोन टोकांची, जी वीतभर भिंतीत शिरलेली असतात. तिथं लाकडाचे तंतू आडवे कापलेले असतात, आणि असं कापलेलं टोक बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पट वेगानं पाणी ओढतं. भिंत पाणी धरून ठेवते, टोक ते पीत राहतं, आणि वाऱ्याला आत वाट नसते.

केवळ वय झालं म्हणून लाकूड कुजत नाही, हे पाहणीला निघण्यापूर्वीच मनात पक्कं असावं. जपानमधल्या होर्यूजीच्या पाच मजली पॅगोड्याचा मधला खांब हिनोकी नावाच्या सायप्रसचा आहे. त्याचं सर्वांत बाहेरचं वलय इ. स. ५९४ चं आहे असं वलयमोजणीतून निघालं. तो खांब आजही उभा आहे. पण त्याचा जमिनीत पुरलेला बुंधा मात्र कधीच कुजून गेला होता. त्या जागी राहिलेली पोकळी १९२६ साली सापडली. तेच झाड, तेच वय. वरचा भाग कोरडा राहिला, खालचा ओला. नॉर्वेतल्या जुन्या लाकडी चर्चच्या सुतारांनी हा धडा स्वतःच घेतला. आधीच्या इमारतींचे खांब थेट जमिनीत रोवलेले असत आणि ते बुडाशी कुजत. पुढच्यांनी दगडी पायावर आडवी तुळई घातली आणि त्यावर खांब उभे केले. बाराव्या शतकातल्या काही इमारती अजून टिकून आहेत, त्यामागे हा बदल आहे.

तेव्हा प्रश्न दोनच. हे कुठलं लाकूड आहे, आणि ते किती ओलं आहे? बहुतेक जण दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात, कारण त्याला यंत्र मिळतं. सुरुवात पहिल्यापासून करावी. एकाच ओल्या कोपऱ्यात स्प्रूसचा वासा काही वर्षांत भुगा होतो आणि ओकचा गाभा कित्येक दशकं तग धरतो. कोणती बुरशी येईल, कोणता किडा येईल, तो किती खोल जाईल, हे सगळं नावावर ठरतं. इतकंच काय, ओलावामापक यंत्राचा आकडासुद्धा लाकडाच्या जातीप्रमाणे दुरुस्त करून वाचावा लागतो.

नाव ओळखताना सर्वांत जास्त फसवतो तो रंग. शंभर वर्षं उजेड, धूर, तेल आणि रोगण खाल्लेलं पाइन ओकसारखं तपकिरी दिसतं, आणि उन्हापावसात उघडं पडलेलं कुठलंही लाकूड शेवटी राखाडी होतं. वासाचंही तसंच. जुन्या पृष्ठभागाला वास उरत नाही. पटाशीनं मिलिमीटरभर आत गेलं तर देवदाराचा गोडसर सुगंध किंवा सागाचा चामड्यासारखा वास पुन्हा येतो. वजनही हातात घेऊन बघावं, पण कुजकं लाकूड हलकं असतं आणि ओलं जड, त्यामुळे तुटक्या तुकड्याच्या वजनावरून जात ठरवू नये.

खरी ओळख आडव्या छेदात असते, म्हणजे झाड तोडल्यावर बुंध्यावर वलयं दिसतात त्या पातळीत. तुळईच्या उघड्या टोकाला, वाशाच्या शेपटाला किंवा खोबणीच्या आत असा छेद मिळतो. नवं धारदार पातं घ्यावं, लाकूड थोडं ओलं करावं, आणि नखाएवढी जागा एकाच घावात कापावी. पातं घासत नेलं तर पेशी चिरडतात आणि सगळं धूसर दिसतं. सॅंडपेपर तर अजिबात नको. त्याची धूळ छिद्रांत बसते. मग दहापट भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि लाकूड भिंगाजवळ आणायचं. पुष्कळ जण भिंग लाकडावर ठेवून लांबून बघतात आणि काही दिसत नाही म्हणतात.

पहिला निवाडा सोपा आहे: छिद्रं आहेत की नाहीत. रुंद पानांच्या झाडांत पाणी नेणाऱ्या वाहिन्या असतात; आडव्या छेदात त्या सुईनं टोचल्यासारख्या दिसतात. पाइन, स्प्रूस, फर, लार्च, देवदार या सूचिपर्णी झाडांत त्या नसतात, नुसती एकसारखी बारीक जाळी असते.

छिद्रं असतील तर ती वलयात कशी बसली आहेत ते बघायचं. ओक, ॲश, एल्म, चेस्टनट यांत दर वर्षीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते आणि पुढे ती एकदम बारीक होतात. सागातही वलयाच्या सुरुवातीची छिद्रं नुसत्या डोळ्यांनी दिसतात, काहींत पांढरट साठा भरलेला असतो, आणि ताजा छेद बोटाला मेणचट लागतो. बीच, मेपल, बर्च यांत मात्र छिद्रं वलयभर सारखी पसरलेली असतात. नंतर किरण बघायचे, म्हणजे गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या रेघा. ओकमध्ये त्या इतक्या रुंद असतात की भिंगही लागत नाही. गाभ्यापासून सालीच्या दिशेनं चिरलेल्या, म्हणजे अरीय फळीवर त्याच चकचकीत चट्ट्यांसारख्या दिसतात. चेस्टनटची छिद्रं हुबेहूब ओकसारखी, पण रुंद किरण नाहीत. या एका फरकानं चेस्टनट म्हणून नोंदलेले ओक आणि ओक म्हणून नोंदलेले चेस्टनट सुटे होतात. एल्मची उत्तरार्धातली छिद्रं नागमोडी पट्ट्यांत जातात. एकदा पाहिलं की विसरत नाही.

ओकमध्ये आणखी एक गंमत आहे. पांढऱ्या ओकच्या गाभ्यातल्या वाहिन्या आतून फुगलेल्या पेशींनी बुजलेल्या असतात, तांबड्या ओकच्या बहुधा मोकळ्या राहतात. तांबड्या ओकच्या छोट्या कांडीतून फुंकर मारली तर दुसऱ्या टोकाला पाण्यात बुडबुडे निघतात. पांढरा ओक पिंपाला चालतो आणि तांबडा चालत नाही, ते यामुळेच. पावसात उघड्या राहणाऱ्या उंबऱ्याच्या तुळईसाठी हा फरक किरकोळ नाही.

छिद्रं नसतील तर राळेच्या नलिका शोधायच्या. पाइनमध्ये त्या भरपूर आणि मोठ्या, भिंगात फिकट ठिपक्यांसारख्या. स्प्रूस आणि लार्चमध्ये थोड्या आणि लहान, बऱ्याचदा जोडीनं. फरमध्ये नसतातच, फक्त झाडाला जखम झाली असेल तिथं ओळीनं उमटतात. इथून पुढे भिंग थकतं. स्प्रूस की लार्च, हे सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा अनेकदा खात्रीनं सांगता येत नाही. स्कॉट्स पाइन आणि ब्लॅक पाइन पेशींवरून वेगळे करता येत नाहीत, युरोपातल्या दोन मुख्य ओकांचंही तेच. अहवालात 'पाइन, स्कॉट्स गटातलं' असं लिहिणारा तज्ज्ञ बेधडक प्रजातीचं नाव ठोकणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासाचा समजावा.

सूक्ष्मदर्शकासाठी नमुना लागतो तो सेंटिमीटरभर घन, कधी आगपेटीच्या काडीएवढी ढलपीही पुरते. ती दर्शनी बाजूनं काढू नये. तुळईची वरची बाजू, खोबणीचा आतला गाल, सैल झालेली पाचर अशा जागा असतात. तुकडा पाण्यात उकळून मऊ करायचा आणि तीन दिशांनी पातळ काप घ्यायचे: आडवा, किरणांच्या समांतर आणि वलयांना स्पर्शून. काप साधारण १५ ते २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतक्या जाडीचे हवेत. सराव असेल तर हातानं दाढीच्या पात्यानंही निघतात. लाकूड-शरीरशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९८९ साली रुंदपर्णी लाकडांसाठी १६३ लक्षणांची यादी ठरवली. जगभरच्या प्रयोगशाळा त्याच क्रमांकांनी बोलतात, म्हणून एकीचा निष्कर्ष दुसरीला तपासता येतो. नमुना पिशवीत टाकताच त्यावर खोली, तुळईचा क्रमांक, टोकापासूनचं अंतर आणि वरची बाजू कोणती हे लिहावं. संध्याकाळी लिहू म्हणून ठेवलेल्या सहा बिननावाच्या पिशव्यांचा पुढे काही उपयोग होत नाही.

आणि एक नमुना म्हणजे घर नव्हे. जुने सुतार लाकूड जागा बघून वापरत: जमिनीलगत टिकाऊ, छपरात हलकं आणि सरळ, फळ्यांना हाताशी असेल ते. त्यात दुरुस्त्यांची भर. तुळई, खांब, वासे, फळ्या, चौकटी, प्रत्येक प्रकाराचा वेगळा नमुना हवा. ज्या सांध्यात दोन शेजारच्या तुकड्यांची जात वेगळी निघते, तिथं बहुधा जुनी दुरुस्ती असते आणि त्या दुरुस्तीला कारण झालेली गळतीही.

जातीइतकंच महत्त्वाचं आहे गाभा आणि रसकाष्ठ यांतला भेद. सालीलगतचा फिकट थर, रसकाष्ठ, कुठल्याही झाडाचा असो, कुजीपुढे आणि किड्यापुढे सारखाच दुबळा. ओकचं रसकाष्ठ बीचइतकंच नाशवंत असतं. तुळईच्या कडेला रसकाष्ठाची पट्टी राहिली असेल तर किडा तेवढीच पट्टी चाळणीसारखी करतो आणि गाभ्याशी थांबतो. वरवर बघणारा शेकडो भोकं मोजून तुळई बाद करतो. पटाशीनं भुगा खरवडला तर बोटभर आत लाकूड दगडासारखं लागतं. मात्र हीच कड कालमापनासाठी मोलाची असते. सालीखालचं शेवटचं वलय शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडलं ते सांगता येतं, आणि त्यासाठी साधारण ५० तरी वलयं सलग हवीत. किडलेली कड तासून साफ करण्याची घाई त्या घराची जन्मतारीख कचऱ्यात टाकते.

आता कूज. हिला तीन चेहरे आहेत. तपकिरी कूज सेल्युलोज, म्हणजे लाकडाला ताकद देणारे धागे खाते आणि त्यांना बांधून ठेवणारं लिग्निन मागे ठेवते. लाकूड गडद होतं, तंतूंच्या आडव्या दिशेनंही तडकतं, चौकोनी ठोकळे पडतात आणि बोटांत चुरलं तर पूड होते. सूचिपर्णी लाकडात ही जास्त. पांढरी कूज लिग्निनही खाते. लाकूड फिकट, धागेदार, मऊ होतं, पण ठोकळे पडत नाहीत. रुंदपर्णी लाकडात ही अधिक दिसते. तिसरी मऊ कूज, सतत भिजलेल्या लाकडाच्या पृष्ठभागावर, पायाखालच्या खुंटांत वगैरे. वाळल्यावर तिथं बारीक चौकडी उमटते.

यांत तपकिरी कूज सर्वांत दगलबाज. ती सेल्युलोजच्या लांब साखळ्या आधी तोडते आणि नंतर सावकाश पचवते. लाकडाचं वजन जेमतेम पाच-दहा टक्के घटलेलं असतं, रंगही फारसा बदललेला नसतो, तोवर धक्का सोसण्याची ताकद बरीचशी गेलेली असते. नुसतं बघून ही पायरी कळत नाही. तिच्यासाठी जुना आणि फुकटचा उपाय आहे टोच्याचा. तंतूंच्या आडव्या दिशेनं टोच्या सेंटिमीटरभर घुसवायचा आणि ढलपी उचकटायची. निरोगी लाकूड कुरकुरतं, ढलपी लांब निघते आणि टोच्यापासून दूर कुठेतरी तुटते, धारदार कुसळं ठेवून. कुजू लागलेलं लाकूड टोच्याच्या वरच आवाज न करता मोडतं, दोन्ही बाजूंना आखूड बोथट तुकडे सोडून. एकदा खात्रीच्या निरोगी तुकड्यावर करून हाताला ओळख करून द्यावी, मग संशयाच्या जागी जावं. टोच्या नुसता किती आत जातो यावरून निर्णय घेऊ नये. ओलं निरोगी पाइनही मऊ लागतं.

फसवणूक उलट्या बाजूनंही होते. तुळईच्या लांबीला जाणारी रुंद भेग बघून लोक घाबरतात. ती बहुतेक वेळा लाकूड वाळताना पडलेली असते, बांधल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. खिळ्याभोवतीचा निळसर काळा डाग म्हणजे ओकमधल्या टॅनिनशी झालेली लोखंडाची शाई, कूज नव्हे, पण तिथं पाणी पोचत होतं हे तो डाग सांगतो. छपरातल्या पट्ट्यांवर कधी लोकर चिकटल्यासारखे तंतू उभे राहतात. क्षार किंवा धुरातल्या रसायनांनी वरचा थर सुटा झालेला असतो. दिसायला भयंकर, पण बहुधा काही मिलिमीटरांचाच मामला.

किड्यांच्या बाबतीत भोकाचा आकार आणि भुसा एवढ्यावर बरंच कळतं. दीड-दोन मिलिमीटरचं गोल भोक आणि बोटाला वाळूसारखा खरखरीत भुसा असेल तर सामान्य फर्निचर भुंगा. मैद्यासारखी मऊ पूड असेल तर पूड-भुंगा. तो रुंदपर्णी रसकाष्ठातल्या पिठुळासाठी येतो, आणि जुन्या लाकडात ते उरलेलं नसतं, म्हणून शतकभर जुन्या तुळईत ही भोकं दिसली तरी ती बहुधा बांधणीच्या काळातली. तीन मिलिमीटरची भोकं आणि गोल चपट्या गोळ्या ही समशीतोष्ण हवेतल्या ओकच्या इमारतींतल्या 'डेथवॉच' भुंग्याची खूण. त्याला बुरशीनं मऊ केलेलं लाकूड लागतं, म्हणजे तो दिसला की मागे ओल शोधायची. लंबगोल, सहा ते दहा मिलिमीटरचं भोक सूचिपर्णी लाकडात असेल तर लांबशिंगी भुंगा. कोरड्या लाकडातली वाळवी सहा बाजूंचे खसखशीएवढे कण टाकते. जमिनीतली वाळवी मातीच्या नळ्या बांधत येते आणि वरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतलं खाते. भोकं जिवंत आहेत का, हे एका दिवसात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. भुंगे बाहेर पडण्याच्या मोसमाआधी भोकांवर पातळ कागद खळीनं चिकटवावा आणि मोसम संपल्यावर त्याला नवी छिद्रं पडली का ते बघावं. औषध फवारण्याआधी एवढी वाट बघायला हरकत नसते. जुन्या छपरांत तर पूर्वीच्या फवारण्यांची विषारी धूळ अजून बसलेली असू शकते, म्हणून मास्क आणि हातमोजे घालूनच वर चढावं.

ओलाव्याचा आकडा सांभाळून वाचावा. सुया टोचायचं यंत्र साधारण ७ ते २८ टक्क्यांच्या दरम्यानच भरवशाचं. त्यापुढे ते फक्त 'फार ओलं' एवढंच सांगतं. क्षार असतील तर कोरडं लाकूडही ओलं दाखवतं. सुया आखूड असतील तर पृष्ठभागच मोजला जातो, म्हणून तुळईच्या टोकाशी लांब, टोकं सोडून बाकी आवरण असलेल्या सुया हव्यात. वाद झालाच तर छोटा तुकडा तोलावा, १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत भट्टीत वाळवावा आणि पुन्हा तोलावा. २४ ग्रॅमचा २० झाला तर उडालेले ४ ग्रॅम कोरड्या २० च्या तुलनेत धरायचे: ओलावा २० टक्के. याच आकड्याखाली कूज थांबते. ती नव्यानं रुजायला तंतू जवळजवळ तुडुंब भरलेले, म्हणजे २८ ते ३० टक्के लागतात. 'कोरडी कूज' म्हणून बदनाम असलेल्या बुरशीलाही पाणी लागतंच. तिचे दोर भिंतीतून पलीकडच्या लाकडापर्यंत जातात, म्हणून ती कोरड्यात वाढल्यासारखी भासते. तिच्या शास्त्रीय नावात 'लॅक्रिमन्स' म्हणजे रडणारी असा शब्द आहे, वाढताना तिच्यावर पाण्याचे थेंब जमतात म्हणून.

भिंतीतलं टोक मात्र सुयांनीही पुरतं कळत नाही. तिथं बारीक सुईनं भोक पाडत प्रतिकार नोंदणारं यंत्र कामाला येतं. आलेख उंच असेल तिथं लाकूड, एकदम खाली पडेल तिथं पोकळी. सुई तिरकी, भिंतीच्या आतल्या भागाकडे रोखून घालावी. खोलीतल्या भागात सरळ घातली तर जे आधीच माहीत आहे तेच पुन्हा कळतं. भेगही आलेखात खड्डा दाखवते, म्हणून शेजारी दुसरं भोक घ्यावं.

शेवटी उरलेला निरोगी छेद मोजायचा, आणि इथं डोळा फार उदार असतो. २०० बाय ३०० मिलिमीटरची तुळई सगळ्या बाजूंनी फक्त २५ मिलिमीटर गेली, तर उरते १५० बाय २५०. क्षेत्रफळ ६२ टक्क्यांवर येतं, पण वाकण्याला विरोध करायची क्षमता उंचीच्या वर्गावर अवलंबून असल्यानं ती ५२ टक्क्यांवर घसरते. खोलीच्या मध्यावर ही घट महत्त्वाची. टोकाशी मात्र वाकण्याचा भार जवळजवळ नसतो, तिथं कातर, म्हणजे तुळईला आडवं कापू पाहणारा जोर, आणि टेकण्याची जागा मोजायची, आणि वीतभर टेकणाऱ्या टोकाचं आठ बोटं कुजलं तर राहिलेल्या चारवर सगळा भार येतो.

कुजलेलं टोक कापून त्याच जातीचा, त्याच ओलाव्याचा तुकडा सांधायचा, हे सुतारकाम झालं. त्याआधी गळकं पन्हाळ, तुंबलेली मोरी, भिंतीला लावलेला पाणी कोंडणारा सिमेंटचा गिलावा यांचा बंदोबस्त करायला हवा. पोकळी रेझिननं लिंपून बुजवू नये. सांध्यात शिरलेलं पाणी तिच्यामागे अडकतं आणि कूज लांबच्या बाजूनं पुढे सरकते. नव्या टोकाच्या बाजूंना आणि मागे दोन बोटं मोकळी जागा ठेवावी, खाली ओल अडवणारा थर घालावा. भिंत वाळायला ठोकताळ्यानं दर २५ मिलिमीटर जाडीला एक महिना लागतो. भिंत ४५० मिलिमीटरची असेल तर दीड वर्षं. तोवर त्या जागी गिलावा करू नये. टोकात दोन सुया कायमच्या ठोकून तारा बाहेर आणाव्यात आणि दर महिन्याला आकडा तुळईच्या क्रमांकापुढे लिहीत जावा: २६, २५, २५, २३.